मच्छरदाणी घरात, माणूस जागलीवर

कार्तिक लागला की गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडच्या गावांत रात्री घरं अर्धी रिकामी असतात. धान पिवळं पडलेलं असतं, रानडुकरं टपलेली असतात, आणि घरातले कर्ते पुरुष बांधीच्या कडेला मचाणावर जागलीला गेलेले असतात. घरात सरकारी मच्छरदाणी नीट टांगलेली असते. सर्वेक्षणाला आलेला माणूस ती बघतो, वहीत 'वापर आहे' अशी खूण करतो आणि पुढच्या घराकडे वळतो. खुणेत खोटं काहीच नाही. फक्त त्या रात्री ज्याला डास चावणार आहे, तो त्या दाणीपासून लांब, अंगावर चादर घेऊन शेकोटीशी बसलेला असतो.

गडचिरोलीच्या हिवतापाबद्दल कुठेही बोलणं निघालं की 'लोकांना माहितीच नाही' हे वाक्य हमखास येतं. मला ते पटत नाही. मच्छर चावला की मलेरिया होतो, हे इथल्या शाळेतलं पोरही सांगतं. अडतं ते दुसरीकडे. मच्छरदाणी, फवारणी, गोळ्या ही सगळी साधनं घर धरून आखलेली आहेत, आणि इथलं आयुष्य वर्षातले कित्येक महिने घराबाहेर झोपतं. कार्तिकात जागल, मग खळ्यावर पुंजणे (धानाचे ढीग) आणि चुरणीची (मळणीची) राखण, माघ-फाल्गुनात तेलंगणात मिरची तोडायला, चैत्रात भल्या पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला, वैशाखात तेंदूपत्त्याला. म्हणून 'तुमच्या घरी दाणी किती?' या प्रश्नापेक्षा 'काल रात्री कोण कुठे झोपलं होतं?' हा प्रश्न जास्त कामाचा. त्याची उत्तरं घरातल्या प्रत्येक माणसागणिक वेगळी निघतात.

आधी डासाचं बघू, कारण त्यावाचून पुढचं कळत नाही. हिवतापाचा डास ॲनोफिलिस. गडचिरोलीत त्याच्या दोन जातींशी गाठ पडते. क्युलिसिफेसिस ही जात धानाच्या बांध्या, बोड्या (लहान तळी), नाल्यातली डबकी अशा पाण्यात वाढते आणि विश्रांतीला घराच्या भिंती नि गोठे पसंत करते. फ्लुविआटिलिस ही जंगलातली. तिला डोंगराच्या पायथ्याचे संथ वाहणारे, काठाला गवत असलेले झरे लागतात. दोघींनाही गटाराचं घाण पाणी नको असतं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तापाचे रुग्ण वाढले की ग्रामपंचायत पहिल्यांदा गटारं उपसते आणि धुराची मशीन फिरवते. गटारातला डास बहुतेक क्युलेक्स असतो. तो झोप मोडतो, हत्तीरोग पसरवतो, पण हिवताप देत नाही. धूर फक्त त्या घटकेला उडत असलेल्या डासांना मारतो. संध्याकाळी सहाला मशीन फिरली आणि डास रात्री अकराला भिंतीवरून उतरला, तर धुराचा उपयोग फोटोपुरताच. साथ पेटली असेल तेव्हाचं ते पूरक हत्यार आहे, बारमाही उपाय नव्हे.

ओळखायचं असेल तर सोपं आहे. ॲनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. इतर डासांच्या अळ्या शेपटीकडची नळी वर करून डोकं खाली लोंबकळतात. मोठा झालेला ॲनोफिलिस भिंतीवर बसतो तोही ढुंगण वर करून, तिरका, खिळा वाकडा ठोकल्यासारखा. वाटीभर पाणी आणि बॅटरी घेऊन शाळेतल्या पोरांना एकदा दाखवलं की ती पुन्हा विसरत नाहीत.

या डासाने हिवतापाच्या रुग्णाचं रक्त प्यायलं, की त्याच्या पोटात जंतू तयार व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्यानंतर तो ज्याला चावेल त्याला ताप यायला आणखी तितकेच दिवस. म्हणजे जागलीवर चावा बसला, तर ताप येतो तोवर धान खळ्यावर आलेलं असतं आणि माणूस घरच्या दाणीत झोपायला लागलेला असतो. मग तो म्हणतो, 'दाणीत झोपूनसुद्धा ताप आला, काय उपयोग?' त्याचं गणित चुकलेलं असतं, अनुभव खोटा नसतो. त्याला दोन आठवडे मागे नेऊन विचारावं लागतं.

मच्छरदाणीचंच आधी. सरकारकडून मिळते ती कीटकनाशक भिनवलेली, टिकाऊ प्रकारची. तिचं गणित साधारण २० धुण्यांचं किंवा ३ वर्षांचं, जे आधी संपेल ते. आता चुलीच्या घरात पांढरी दाणी महिन्यात काळी पडते. घरच्या बाईला ती काळी दाणी बघवत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. पण दर आठवड्याला धुतली तर २० धुणी पाच महिन्यांत संपतात. त्यानंतर ती साधी जाळी. तीन महिन्यांतून एकदा धुतली तर तीन वर्षांत १२ धुणी होतात, औषध शिल्लक राहतं. म्हणून 'धुऊ नका' असा उपदेश करण्यापेक्षा दाणी चुलीपासून लांब टांगा, दिवसा गुंडाळून वर बांधून ठेवा, हे सांगितलेलं बरं. धुताना गार पाणी, साधा अंगाचा साबण, आणि हाताने हलकं चोळणं. कपड्याची पावडर, ब्लीच, राख, गरम पाणी, दगडावर आपटणं, रात्रभर भिजत ठेवणं यातलं काहीही नको. वाळवायची सावलीत, कडक उन्हानं औषध मरतं. आणि नदीत किंवा बोडीत धुवायची नाही, कारण जे औषध डासाला मारतं तेच मासळीलाही मारतं. धुण्याचं पाणी घरामागे खड्ड्यात ओतावं.

नवीन दाणी पाकिटातून काढली की एक दिवस-रात्र सावलीत पसरून ठेवायची, मग टांगायची. हे कोणी सांगत नाही आणि पहिल्याच रात्री पोराचा चेहरा चुरचुरतो, शिंका येतात. दुसऱ्या दिवशी दाणी पेटीत जाते ती पाहुण्यांसाठी किंवा पोरीच्या लग्नासाठी. पेटीतल्या कोऱ्या दाण्या हा या भागातला अगदी नेहमीचा प्रकार. जुनी फाटेपर्यंत वापरायची आणि नवी जपायची, हा काटकसरी घराचा शहाणपणा इथे उलटा पडतो.

टांगण्यातही गोम आहे. बहुतेक जण जमिनीवर चटईवर झोपतात. दाणीची खालची कड चटईखाली किमान वीतभर खोचली गेली पाहिजे. नुसती जमिनीला टेकलेली कड रात्री कोणी कूस बदलली की उचलली जाते. दोऱ्या उंच बांधल्या तर दाणी पुरत नाही, फार खाली बांधल्या तर अंगाला चिकटते, आणि चिकटलेल्या जागी, म्हणजे कोपर, गुडघा, पावलाला डास बाहेरून चावतो. खाटेवर झोपणाऱ्याने दाणी खाटेच्या दोरांखाली खोचावी. खाटेवरून लोंबती सोडली तर डास खालून, विणीच्या भोकांतून येतो. भोकांची तपासणी अंगठ्याने आणि मुठीने करायची. अंगठा जाईल एवढं भोक सुईदोऱ्यानं लगेच शिवायचं, मूठ जाईल तिथे जुन्या दाणीचं ठिगळ लावायचं, डोकं जाईल एवढी फाटली असेल तर ती दाणी आता खिडकी झाकायला.

सात माणसांच्या घरात दोन दाण्या असतील तर आत कोण? सरकारी हिशेब दोन माणसांमागे एक असा आहे, पण तो दरवेळी जुळतो असं नाही. तेव्हा गरोदर बाई आणि पाच वर्षांखालची पोरं आधी, यात तडजोड नको. प्रत्यक्षात मात्र खाट आणि दाणी घरातल्या मोठ्या पुरुषाला जाते आणि बाई लेकरांना घेऊन चुलीच्या उबेला झोपते. आशा ताईने हे सासूसमोर सांगितलं तर फरक पडतो. नुसतं सुनेच्या कानात सांगून काही होत नाही.

आणि जागल. मचाणाला चार खांब असतातच, त्यामुळे दाणी बांधायला जागा आहे. अडचण वेगळी असते. दाणीत शिरलं की डुक्कर आलेलं दिसत नाही, हाकारायला पटकन बाहेर पडता येत नाही, आणि शेकोटीची ठिणगी उडाली तर पॉलिस्टरची जाळी बघता बघता पेट घेते. ही कारणं खरी आहेत, आळस म्हणून उडवून लावण्यासारखी नाहीत. यावर त्यातल्या त्यात जमणारी तोड अशी: दोघं-तिघं मिळून पाळीने जागावं, जो झोपेल तो दाणीत, जो जागा असेल तो पूर्ण बाह्यांचा शर्ट, लुंगीऐवजी पँट, आणि पाया-हातांना डास पळवणारं मलम लावून शेकोटीशी. शेकोटी दाणीपासून चार-पाच पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. कडुनिंबाचा किंवा शेणीचा धूर आहे तोवर डास कमी येतात, धूर विझला की परत येतात. धुरावर विसंबून झोपी जाणं म्हणजे पहाटे तीनला डासांना आमंत्रण. जागलीसाठी घरची दाणी रोज ने-आण करणं कोणी करत नाही, त्यामुळे एक वेगळी दाणी घोंगडी-बॅटरीच्या गाठोड्यातच बांधून ठेवलेली असली पाहिजे. वाटपाच्या हिशेबात ही दाणी धरलेली नसते. ती मागावी लागते.

फवारणीचं दुखणं सारवणात आहे. घराच्या आतल्या भिंतींवर अल्फासायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखं औषध मारतात. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर विसावतो आणि तिथेच मरतो, एवढंच त्याचं तंत्र. औषध भिंतीवर १० ते १२ आठवडे टिकतं, म्हणून वर्षाला दोन फेऱ्या. आता मातीची भिंत सारवली की औषध शेणामातीच्या थराखाली गाडलं जातं. पोळा, दसरा, दिवाळी हे सगळे सारवणाचे सण नेमके फवारणीनंतरच्या आठवड्यांत येतात. सणाला घर सारवू नका म्हणून सांगणारा माणूस गावात फार काळ टिकत नाही. पण फवारणी जमिनीवर करत नाहीत, भिंतींवर करतात. त्यामुळे जमीन, ओटा, अंगण खुशाल सारवावं; भिंती तेवढ्या फवारणीच्या आठ दिवस आधी सारवून घ्याव्यात आणि नंतर तीन महिने हात लावू नये. त्यासाठी फवारणीची तारीख गावाला पंधरा दिवस आधी कळायला हवी. ती आदल्या दिवशी दवंडीने कळते तेव्हा दोष सारवणाऱ्या बाईचा नसतो.

फवारणीच्या दिवशी धान्य, भांडी, पाण्याचे माठ, अंथरुणं बाहेर काढायची. जड कणग्या हलत नसतील तर झाकायच्या. कोंबड्या आणि लहान पोरं बाहेर. मग आढ्यापर्यंत भिंती, छपराची आतली बाजू, दारामागे, खाटेच्या खालून आणि गोठा. गोठा चुकवायचा नाही, क्युलिसिफेसिसचं ते आवडतं ठिकाण. लोक बहुतेक वेळा बाहेरची छपरी मारून घेतात आणि देवाची खोली नि धान्याची खोली बंद ठेवतात. मग डास त्याच दोन खोल्यांत मुक्काम करतो. चांगल्या फवारणीची खूण म्हणजे भिंतीवर सारखा पसरलेला फिकट पांढरा थर. ओघळ आले असतील तर नोझल झिजलेलं आहे किंवा मारणारा भिंतीच्या फार जवळ उभा होता. अंतर साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे हातभर असायला हवं. भिंती वाळेपर्यंत आत जायचं नाही, मग जमीन झाडून मेलेले किडे पुरून टाकायचे. फवारणीनंतर काही दिवस ढेकूण खवळून बाहेर येतात, ही बायकांची तक्रार खोटी नाही. ढेकणांवर हे औषध नीट लागू पडत नाही, नुसतं त्यांना डिवचतं. आधी सांगून ठेवलं तर पुढच्या फेरीला दार उघडं मिळतं.

आता तापाकडे.

पुस्तकात हिवताप तीन पायऱ्यांनी येतो: थंडी, मग ताप, मग घाम, आणि एक दिवसाआड. गडचिरोलीत जास्त करून दिसणारा फॅल्सिपेरम जातीच्या जंतूचा हिवताप असा शिस्तीत येत नाही. ताप दिवसभर चढउतार करतो, थंडी वाजतेच असं नाही. लहान पोरांत तर उलट्या, जुलाब, खोकला, नुसतं मलूल पडणं एवढंच दिसतं. 'हुडहुडी भरली नाही, म्हणजे मलेरिया नाही' म्हणून वाट बघण्यात जो दिवस जातो, तोच महागात पडतो. या भागात कुठलाही ताप आला की २४ तासांच्या आत रक्त तपासायचं, एवढा एकच नियम पुरे.

प्रत्यक्षात तापाचा प्रवास असा होतो: पहिला दिवस घरी अंगावर काढायचा. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातली तापाची गोळी. तिने ताप तासा-दोन तासांसाठी उतरतो आणि बरं वाटतंय असा भास होतो. तिसऱ्या दिवशी पुजारी, म्हणजे गावचा मांत्रिक. चौथ्या दिवशी बोगस डॉक्टरची सुई आणि सलाईन. आशाची पाळी येते पाचव्या दिवशी, तेव्हा माणूस खाटेवर असतो. सलाईनने जंतू मरत नाही. गंभीर हिवतापात बेहिशेबी सलाईन चढवली तर फुप्फुसात पाणी भरून माणूस दगावतो. तरी बाटली लावली म्हणजे खरा इलाज झाला ही समजूत आपल्या शहरांतही आहे, तेव्हा फक्त इथल्या माडिया आदिवासींच्या गावांना नावं ठेवू नयेत.

पुजाऱ्याशी भांडण करून काही साधत नाही. घरच्यांचा त्याच्यावर भरवसा आहे, तो रात्री दोनलाही येतो आणि माणसाला हात लावून बघतो. जिथे पुजारीच म्हणतो, 'आधी ताईकडून बोटाचं रक्त काढून या, मग मी बसतो', तिथे चार दिवसांचा प्रवास अर्ध्या तासावर येतो. त्याची पूजा होऊ द्या. गोळी तिच्या आधी पोटात जाऊ द्या.

आशाकडची झटपट तपासणी म्हणजे 'आरडी किट'. ते बरोबर केलं तर खूप कामाचं, घाईत केलं तर फसवं. पाकिटावरची मुदत बघायची, पाकीट तपासणीच्या वेळीच फोडायचं. बोट स्पिरिटने पुसून ते पूर्ण वाळू द्यायचं. ओलं स्पिरिट रक्तात मिसळलं की थेंब पसरतो. रक्त लागतं ते फक्त ५ मायक्रोलिटर, किटमधल्या नळीच्या किंवा कडीच्या मापाने. जास्त टाकलं तर पट्टी लालभडक होऊन रेघ दिसत नाही. रक्त त्याच्या खाचेत, द्रावणाचे थेंब दुसऱ्या खाचेत, पाकिटावर लिहिलेत तेवढेच. मग १५ ते २० मिनिटं थांबायचं. पाच मिनिटांत 'निगेटिव्ह' म्हणून टाकून द्यायचं नाही, आणि तासाभराने उगवलेली पुसट रेघ धरायची नाही. किट चालू असल्याचं सांगणारी नियंत्रण रेघ उमटलीच नाही तर ते किट बाद, दुसरं घ्यायचं. टिनाच्या छपराखाली, मे महिन्यात, कपाटावर ठेवलेली किटं आतून मेलेली असतात. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, उन्हा-चुलीपासून लांब त्यांची जागा.

तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं आणि काचपट्टीवर रक्तनमुना घेऊन पाठवायचा. उलट, उपचार पूर्ण झाल्यावर 'गेला का?' म्हणून तेच किट परत लावू नये. फॅल्सिपेरमचं जे प्रथिन हे किट शोधतं, ते जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. पॉझिटिव्ह रेघ पाहून घरचे घाबरतात आणि माणसाला पुन्हा गोळ्या चारल्या जातात. बरा झाल्याची खात्री काचपट्टीवरून करायची.

गोळ्यांचं जे पुढे लिहितोय ते हातातली पट्टी पुरी आणि बरोबर आहे का हे बघण्यासाठी. डोस स्वतः ठरवण्यासाठी नव्हे. २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणानुसार फॅल्सिपेरमसाठी आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन यांची एकत्र पट्टी असते, आणि वयानुसार तिचे रंग: एक वर्षाखाली गुलाबी, १ ते ४ पिवळी, ५ ते ८ हिरवी, ९ ते १४ लाल, १५ च्या पुढे पांढरी. मोठ्या माणसाच्या पट्टीत आर्टेसुनेटची गोळी तीन दिवस रोज एक, सल्फाडॉक्सिनच्या दोन गोळ्या फक्त पहिल्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्वीनचा एकच डोस. हा प्रायमाक्वीनचा डोस आजाऱ्यासाठी कमी आणि शेजाऱ्यांसाठी जास्त असतो: डासाकडे जाणारं जंतूचं रूप तो मारतो. ईशान्येकडच्या राज्यांसारखी आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिनची पट्टी हातात आली, तर ती दिवसातून दोनदा, तीन दिवस, एकूण सहा डोस, आणि थोड्या तेलातुपाच्या जेवणासोबत, नाहीतर अंगी लागत नाही.

पहिला डोस आशासमोर घ्यायचा, रिकाम्या पोटी नाही. पेजेची वाटी आधी. मग १५ मिनिटं बसून राहायचं. तेवढ्यात उलटी झाली तर पंधरा मिनिटं विश्रांती देऊन पूर्ण डोस पुन्हा. पुन्हा उलटी झाली तर घरी थांबायचं नाही, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि इथेच सगळ्यात मोठी गळती होते: रोवणी अडलेली असते, माणूस कामावर जातो, उरलेल्या गोळ्या छपराच्या वाशात खोचल्या जातात. अर्धवट मेलेला जंतू आठ-पंधरा दिवसांत परत डोकं काढतो आणि लोक म्हणतात, गोळीत दम नाही.

व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या जंतूचं वेगळं. त्यात क्लोरोक्विन तीन दिवस, मोठ्या माणसाला ४, ४ आणि २ अशा दहा गोळ्या, आणि त्यासोबत प्रायमाक्वीन सलग १४ दिवस. हा जंतू यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नव्याने ताप आणतो. चौदा दिवसांचं औषध त्या दडलेल्यांसाठी. तीन दिवसांत बरं वाटलेल्या माणसाला पुढचे अकरा दिवस गोळी गिळायला लावणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात अवघड. कॅलेंडर नसलेल्या घरात दोऱ्याला १४ गाठी मारून तो खाटेला बांधावा, रोज गोळी घेतली की एक गाठ सोडायची. गर्भवतीला आणि एक वर्षाखालच्या बाळाला प्रायमाक्वीन द्यायचं नाही. कोणालाही ते घेताना लघवी काळपट चहासारखी झाली किंवा डोळे पिवळे पडले, तर गोळी तिथेच बंद आणि दवाखाना. जीसिक्सपीडी नावाचं विकर जन्मतः कमी असलेल्यांत हे होतं. ते आणि सिकलसेल एकच नव्हे. गडचिरोलीत सिकलसेल बरंच आहे, त्यामुळे हा घोळ होतो. सिकलसेलचा नुसता वाहक असेल तर त्याला गंभीर हिवतापापासून थोडं संरक्षणच असतं; प्रत्यक्ष रुग्ण असेल तर मात्र साधा वाटणारा तापही त्याला लवकर आडवा करतो.

गरोदर बाईला ताप आला तर आशाने पट्टी फोडूच नये, तपासणी करून लगेच केंद्रात पाठवावं. तिचे उपचार महिन्यांनुसार बदलतात, आणि हिवतापाने तिचं रक्त झपाट्याने उतरतं, बाळ कमी वजनाचं होतं किंवा टिकत नाही.

न थांबता उचलून न्यायचं ते कधी? झटका आला, माणूस बरळतोय किंवा हाक दिल्यावर डोळे उघडत नाही, पोर पीत नाही किंवा बसू शकत नाही, उलट्या थांबत नाहीत, लघवी काळी किंवा बंद, डोळे पिवळे, तळहात पांढरेफटक, धाप लागलेली. यातलं एकही असेल तर रक्ताच्या तपासणीसाठीसुद्धा खोळंबू नये. शुद्धीत असेल तर साखरपाणी पाजावं, कारण मेंदूज्वरासारख्या हिवतापात साखर एकदम उतरते; शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नये, कुशीवर निजवावं. १०८ ला फोन लागत नाही अशा गावांत नेटवर्कची टेकडी आणि मोटारसायकलवाला आधीच ठरलेले हवेत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडपलीकडची गावं तुटतात, खाटेची कावड करून माणूस न्यावा लागतो. त्या पावसाळी आठवड्यांत चौथ्या दिवसापर्यंत वाट बघण्याची चैनच नसते. नेताना तपासणीची पट्टी आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट खिशात टाकावं, म्हणजे किती आणि काय दिलं ते डॉक्टरला कळतं.

ताप नसलेल्यांचंही थोडं. वर्षानुवर्षं हिवतापात राहिलेल्या मोठ्या माणसांच्या रक्तात जंतू असतो आणि ताप नसतो. २०२० मध्ये शेजारच्या छत्तीसगडात 'मलेरियामुक्त बस्तर' मोहिमेत घरोघरी सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा सापडलेल्यांतल्या मोठ्या हिश्शाला काहीच लक्षण नव्हतं. सोयरीक सीमेपलीकडे आहे, बाजार पलीकडे आहे, मिरचीचं काम तेलंगणात आहे. म्हणून परगावी महिनाभर राहून आलेल्या माणसाचं रक्त, ताप असो-नसो, आल्या आठवड्यात तपासून घ्यावं. एका घरात एक पॉझिटिव्ह निघाला तर त्या घरातल्या सगळ्यांचं आणि शेजारच्या घरांचंही.

घरभेटीत दाणी मोजून झाली की एकदा छपराच्या वाशाकडे नजर टाकावी. तिथे खोचलेली अर्धी पट्टी सापडतेच, बहुतेक वेळा पांढरी. ती पुढच्या तापासाठी किंवा शेजारच्या पोरासाठी जपलेली असते, आणि मोठ्या माणसाच्या गोळीचे अंदाजाने तुकडे करून पोराला दिलेही जातात. ती मागून घ्यावी, रागावू नये. पट्टीवर राहिलेल्या गोळ्या मोजाव्यात, कोणत्या दिवशी थांबल्या ते त्यावरून दिसतं, आणि त्या घरात गेल्या महिन्यात ताप कोणाला आला होता, तो सध्या कुठे झोपतो, हे विचारून त्याचं रक्त त्याच भेटीत घ्यावं.